बिनउंबऱ्याची खोली

उंबरा काढून टाकला, असं बाबांनी फोनवर सांगितलं तेव्हा वर्षाराणीच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न तापलेलं होतं आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवलेला होता. "रामसिंग मिस्त्रीले बलावलं अन् काढून टाकला," बाबा म्हणाले. "लाकूड लई पक्कं निंगालं. सकाळपासून दुपारलोक छिन्नी चालली त्याची. आता खाली सिमिटाचा उतार करून घेतला, बेस. तुह्या मशीनले आता काई अडचन नाही. कवा आनतेस?" आयर्नच्या टोकावरचा कथिलाचा थेंब नको तिथं पडला आणि ज्या दोन तारा कधीच जोडायच्या नव्हत्या त्या त्यानं एकमेकींना चिकटवल्या. राळेचा धूर डोळ्यांत गेला. "ऐकू येऊन राह्यलं ना?" बाबांनी विचारलं. "हो," ती म्हणाली. "कोनता उंबरा, बाबा?" विचारलं आणि तिला कळलं की हा प्रश्न मूर्खपणाचा आहे. मेडशीच्या त्या घराला उंबरा एकच होता.

आणि उंबऱ्याचं तिनंच सांगितलं होतं. मशीन कुठवर आली म्हणून बाबा दर फोनला विचारायचे, आणि मशीन तर कित्येक दिवस जागची हललेली नव्हती. काहीतरी सांगायला हवं होतं. "उंबरा लई उंच हाय बाबा. चाक चढत नाही त्याच्यावर. त्याच्यासाठीच अडलं," असं ती मागच्या फोनला बोलून गेली. हे तसं खोटं नव्हतं. तिनं बसवलेली चाकं तळहाताएवढी होती, उंबऱ्याला धडकून ती जागीच फिरत राहिली असती. पण मशीन अडली होती ती त्यामुळे नाही. उंबरा हे कारण तिला आवडलं, कारण तो लाकडाचा होता, घराबरोबर बसवलेला होता आणि त्यात कुणाचाच दोष नव्हता. उंबरा कुणी हलवत नाही, एवढंच तिनं धरून चाललं होतं. फोन ठेवल्यावर तिनं आराखड्याचा मोठा कागद पुन्हा उलगडला. घराचा नकाशा तिनं आठवणीतून काढला होता: बाबांची खाट, पाण्याचा माठ, मोरी, गोळ्यांचा कोनाडा, मागचं दार. सगळं जवळजवळ बरोबर असावं. पुढच्या दाराच्या जागी रेघेत एक मोकळी फट सोडलेली होती. तिची आई, रुपाबाई, रोज सकाळी त्या उंबऱ्यावर पाणी घालायची, ओल्या लाकडावर हळदीकुंकवाची बोटं ओढायची, आणि दप्तर घेऊन धावत निघालेल्या पोरीला म्हणायची, पाय देऊ नको, ओलांड. शाळेत जाताना, येताना, लग्नाच्या दिवशी ती तो ओलांडत आली. कागदावर मात्र तो नव्हता. ती कामाला होती त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांच्या सर्किटच्या आकृत्यांतला सुटलेला एखादा रोध ती लांबूनही दाखवून द्यायची, आणि इथं स्वतःच्या रेघेत तिला काही सुटल्याचं दोन महिने दिसलं नाही. पायाला तो जन्मभर ठाऊक होता, हाताला नव्हता.

टेबल हरीओमचं होतं. खोलीही त्याचीच. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून ती रिकामी होती. म्हणजे तिचा नवरा पवन तसं म्हणायचा, रिकामी. पंचायत समितीतून तो संध्याकाळी आला की दारातूनच डोकावायचा, कारण आत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. भिंतीशी प्लायवूडचे तुकडे, पलंगावर बॅटऱ्या, मोटारी आणि अक्रोडाएवढ्या डोळ्याचा एक कॅमेरा, खिडकीत वाळत ठेवलेले गोंद लावलेले पुठ्ठे. ही खोली भरायला सुरुवात झाली ती पोळ्यानंतरच्या एका फोनपासून. तो फोन तिला शब्दन् शब्द आठवत होता, आणि आठवायचा नसला तरी आठवत होता. बाबांनी आधी तुरीचं सांगितलं, मग शेजारच्या रामीबाईच्या गुडघ्याचं. मग जरा थांबून विचारलं, "तुमच्या इकडं पानी रोज येते का व?" ती म्हणाली, एक दिवसाआड येतं. "अन् जिन्याले कठडा हाय का?" आहे, ती म्हणाली. यावर ते फक्त "बरं हाय" म्हणाले आणि थांबले. ते थांबणं लांबलं. फोनच्या पलीकडे कोंबडी ओरडत होती.

तिला लगेच समजलं होतं. समजलं नाही असं तिला पुढं स्वतःला कधीच सांगता आलं नाही. तिचे बाबा, उकंडराव, म्हणजे लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न घेणारा माणूस. वाशीमला डॉक्टरकडं यायचे तेव्हा अकोला नाक्यावर टपरीवर चहा पिऊन, तिथल्याच नळाला तोंड लावून मग वर यायचे. तिनं पेला पुढं केला की म्हणायचे, "पेलो, आत्ताच पेलो." जेवायची वेळ झाली की त्यांची एसटी असायची. आईनंही हे पाळलं होतं, आणि हरीओम जन्मल्यावर नातू झाला आता चालते म्हणून साऱ्यांनी समजावलं तरी बाबांनी सोडलं नव्हतं. पवन सासऱ्यांची थट्टा करत म्हणायचा, "मामाजींचा माझ्या नळावरच इश्वास नाही." असा माणूस जिन्याला कठडा आहे का म्हणून विचारत होता. सारा जन्म पाळलेली गोष्ट त्यांनी एका कोंबडीच्या ओरडण्याएवढ्या वेळात बाजूला काढून ठेवली होती आणि आता ती काय म्हणते त्याची वाट बघत होते. आणि ती म्हणाली, "बाबा, मी तुमच्यासाठी एक मशीन बनवून राह्यली."

तोवर कुठलीही मशीन नव्हती. हौस होती. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी मुलांबरोबर तिनं काळ्या पट्टीवरून चालणारी एक गाडी केली होती, आणि तेव्हापासून रविवारच्या दुपारी असल्याच उद्योगात जात. त्या क्षणी मात्र तिच्या तोंडून भराभर बाहेर पडलं: लहान गाडीसारखी असेल, घरात फिरेल, तिला डोळा असेल, मी इथून तुम्हाला बघेन, औषधाच्या वेळेला ती तुमच्याजवळ येऊन उभी राहील. पहिल्या वाक्यापर्यंत ही मशीन नव्हती आणि शेवटच्या वाक्यापर्यंत ती जवळजवळ तयार झाली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हनजे मी अथीच राह्यलो तरी चालते," ते म्हणाले. त्यांचा आवाज विचारल्यासारखा नव्हता. ती म्हणाली, "हो ना." आणि पवनला रात्री सांगताना तिनं कठड्याचं सांगितलंच नाही, बाबा इथं राहायला तयारच होणार नाहीत, तुम्हाला तर ठाऊक आहे, एवढंच म्हणाली. पवननं मान हलवली. बाबांनी सोडून दिलेली रीत तिनं उचलून आपल्या बाजूला ठेवली होती.

तरीही ते दोन महिने फार चांगले गेले, आणि हेच तिला सगळ्यांत जास्त लागत होतं. आयुष्यात इतकं मन लावून तिनं दुसरं काही केलं नव्हतं. कॉलेजात प्रयोगशाळेच्या बाकांवरची उपकरणं पुसताना तिच्या डोक्यात चाकं फिरायची. मोठी चाकं दोन आणि पुढं एक गिरकी घेणारं लहान, की चारही सारखी? शेणानं सारवलेली जमीन पुढच्या खोलीत आहे, मधल्या खोलीत फरशी. दोन्हींवर पकड राहील असं रबर कुठलं? आधी सगळं पुठ्ठ्याचं करून बघायचं, पुठ्ठ्यात चुकलेलं लाकडात चुकत नाही, हे ती मुलांना सांगायची आणि स्वतःही पाळायची. गोळ्यांचा कप्पा बाबांच्या गुडघ्याशी यावा, म्हणजे त्यांना वाकावं लागणार नाही, म्हणून तिनं त्यांच्या खाटेची उंची आठवून आठवून ठरवली. मशीनला खाटेखाली जाता येऊ नये, अडकून बसेल. बॅटरी खाली, मधोमध, म्हणजे कलंडणार नाही. एकेक निर्णय होत गेला की तिला आपण बाबांसाठी काही करतो आहोत असं वाटायचं, आणि ते खरंही होतं. याच काळात मेडशीला जाणं दोनदा राहिलं. दोन्ही वेळा मशीनसाठी मागवलेल्या मोटारी आलेल्या होत्या.

मग डोळ्याचा प्रश्न आला. कॅमेरा किती उंचीवर, आणि किती कललेला. प्रथम तिनं तो बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या रोखानं लावला. मग तिला वाटलं, बाबा बसलेले असतील तर बघायचं काय. ते फोनवरही सांगतील. बघायचं ते वेगळंच. तिनं कॅमेरा खाली आणला, जमिनीपासून वीतभर, आणि जरासा जमिनीकडे झुकवला. त्या कोनातून खोलीतलं खालचं सगळं दिसत होतं: पलंगाचे पाय, चपला, फरशीच्या सांधी. तपासून बघायला तिला काहीतरी लांबट हवं होतं. तिनं दिवाणावरचा लोड घेतला, बाबांचा एक जुना सदरा घरात होता तो त्याला घातला, आणि लोड फरशीवर टाकला. एकदा पालथा, एकदा कुशीवर, एकदा पलंग आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, कारण तिथं सापडणं सगळ्यांत अवघड. प्रत्येक वेळी लॅपटॉपवर बघून ती कोन थोडा बदलत होती. भिंतीलगतचा लोड पहिल्यांदा नीट दिसला तेव्हा तिला जो आनंद झाला तो खराखुरा होता. तिनं टाळी वाजवली. टाळीच्या आवाजानं पवन दारात आला. तो सदऱ्याकडं बघत राहिला, मग तिच्याकडं. "मामाजी का ते?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, टेस्टिंग आहे. "हं," तो म्हणाला, आणि जाता जाता, अगदी साध्या आवाजात, "दिसल्यावर काय करशील? बस तर दर तासाले हाय." तो चहा ठेवायला गेला. तिनं लोडाचा सदरा काढला. काढताना बाही अडकली, आणि ती बाही सोडवताना तिनं कुणाचा तरी हात वळवावा तशी हळूच वळवली. त्यानंतर मशीनला तिचा हात लागला नव्हता. आज लागला तो एक सैल झालेली तार जोडण्यापुरता, म्हणजे फोनवर अगदीच खोटं बोलायला नको. आणि आजच हा फोन आला.

दुसऱ्या दिवशी रविवारी ती मालेगावकडून जाणाऱ्या अकोला गाडीत बसली. पवन येतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. सोयाबीन निघून गेलेली रानं उघडी पडली होती आणि मधून मधून तुरीचे पट्टे पिवळ्या फुलांवर आले होते. खिडकीतून बघताना ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. बाबा, तुम्ही वाशीमला चला. बाबा, मशीनचं राहू द्या. वाक्य साधं होतं आणि गाडी थांबली की ते मोडायचं. पुन्हा सुरू झाली की तिला ते पहिल्यापासून जुळवावं लागायचं. म्हातारा माणूस घरात येणं म्हणजे काय, तेही ती प्रामाणिकपणे बघू पाहत होती: सकाळचं खाकरणं, संडासातला दिवा, पवनशी बोलायला विषय नसणं, दुपारी कुलूप लावून निघताना आत कुणीतरी असणं. यांतली एकही गोष्ट मोठी नव्हती. मोठी असती तर तिला बरं वाटलं असतं.

गल्लीच्या तोंडाशी रामीबाई तूर निवडत बसली होती. "आली का व मशीनवाली?" तिनं सूप न थांबवता विचारलं. "तुह्या बापानं साऱ्या मेडशीले सांगतलं. दार उघडं टाकून बसते दिवसभर, जसा जावई येऊन राह्यला. आनली का?"

"नाही काकू. आज मीच आली."

"तू तं काय, येतंच राह्यतं," रामीबाई म्हणाली, आणि मग जरा विचार करून, "येत नाही म्हना तू बी."

दार खरंच उघडं होतं. चौकटीचे दोन उभे खांब जमिनीपर्यंत येऊन अधांतरी थांबल्यासारखे दिसत होते, आणि त्यांच्या मधे, जिथं लाकूड होतं तिथं, करड्या सिमेंटचा नवा चट्टा आत आणि बाहेर उतरत गेला होता. त्यावर बारीक रेघा ओढलेल्या होत्या, चाक घसरू नये म्हणून. वर्षाराणीनं सवयीनं पाय उचलला. तो उंच उचलला गेला आणि खाली काही नसल्यामुळे ती आत जवळजवळ धडपडली. बाबा खाटेवरून हसले. "साऱ्यायचंच होऊन राह्यलं तसं," ते म्हणाले. "काल रामसिंग सोताच पडला असता. म्या म्हनलं, काढला तूच, अन् इसरला बी तूच." ते वाळले होते. दाढी आज केलेली होती. "दार लावलं की खालून फट राह्यते. राती एक बेडूक आला आतमंदी. म्या म्हनलं ये बाप्पा, तुह्याचसाठी केलं."

"लाकूड कुठं हाय?"

"मांगच्या भितीले उभं केलं. चुलीत नाही घातलं. तुह्या मायचं कुकू मुरलं हाय त्याच्यात, ते कसं जाळावं?" ते उठले आणि तिला दाखवायला लागले. माठ त्यांनी कोपऱ्यात सरकवला होता. धान्याची कोठी मधून हलवली होती. बकरीचा खुंटा उपटून मागं नेला होता, दोर चाकात जाऊ नये म्हणून. खाटेपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत जमीन मोकळी, नुकती सारवलेली. तिच्या कागदावरच्या नकाशातही वाट इतकी मोकळी नव्हती. "बेस झालं ना?" त्यांनी विचारलं. एखादी परीक्षा दिलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा होता.

"बाबा," ती म्हणाली. वाक्य आता जुळवलेलं नव्हतं, तसंच आलं. "मशीनचं राहू द्या. तुमीच चला वाशीमले. हरीओमची खोली रिकामी हाय."

बाबा खाटेवर बसले. अडकित्ता घेऊन त्यांनी सुपारीचं एक खांड तोडलं, आणि ते तोंडात न टाकता हातातच ठेवलं.

"तथी तुही मशीन हाय ना," ते म्हणाले.

"ते उचलता येते."

"आता कायले उचलतं? तवा म्या पान्याचं इचारलं, तू मशीनचं सांगतलं. बेस झालं. मले बी तेच पाह्यजे व्हतं." त्यांनी सुपारी गालात टाकली. "अन् लेकीच्या घरी जाऊन राह्यलो तं लोक काय म्हनतीन? जवाई चांगला हाय, पन त्यालेबी काहून तरास? तू मनात काई धरू नको, राणी."

तिनं आणखी म्हणायला हवं होतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आग्रह करायचा असतो तो असाच, आणि तिला तो जेवताना पाहुण्यांना करता येत होता. पण बाबांचं वाक्य संपलं तेव्हा तिच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं, आणि ते काय आहे हे तिनं स्पष्ट ओळखलं. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. क्षणभरच वाटलं, पण वाटलं. बाबा तिच्याकडे बघत होते, आणि त्यांनाही ते दिसलं असावं, कारण ते लगबगीनं म्हणाले, "चाल, दाखव मले. येईन कशी ते? मी कुठं उभा राहू, कुठं नाही, सांगून ठेव. मांगून घोटाळा नको."

"कशी दाखवू बाबा, आनली नाही तं."

"तू चाल ना तिच्यावानी. लहान असतानी बैल नव्हती होत तू?"

ती बाहेर गेली. साडीचा पदर खोचून अंगणात गुडघ्यांवर बसली, हात टेकले. रामीबाईच्या सुपाचा आवाज थांबला. वर्षाराणी रांगत उतारावरून वर आली. सिमेंटच्या रेघा तळहातांना खरखरीत लागल्या. डोकं तिनं खाली ठेवलं, जमिनीपासून वीतभर, जिथं तिनं तो डोळा ठरवला होता. खोली तिला पहिल्यांदाच अशी दिसली. भिंती फार उंच गेल्या आणि सारवलेल्या जमिनीवर झाडूच्या काडीचा प्रत्येक ओरखडा मोठा झाला. शेणाचा वास नाकात भरला. ओल्या जमिनीवर बाबांच्या पावलांच्या खुणा होत्या, आणि त्यातला उजवा पाय ओढत गेलेला होता. हे त्यांनी फोनवर कधी सांगितलं नव्हतं.

"ये, ये," वरून बाबा म्हणाले. ते हसत होते. "जेवलीस का? का नुसत्या बॅटरीवर राह्यतं? तिले सांग, उकंडराव बरा हाय म्हना. गोया घेते म्हना टाइमावर."

ती खाटेजवळ आली आणि थांबली. समोर त्यांची पावलं होती, टाचा भेगाळलेल्या, आणि त्यांच्या मागे, खाटेखालच्या अंधारात, एक पिशवी. नव्या नायलॉनची, चेन पूर्ण लावलेली, फुगलेली. चेनीच्या कडेतून नव्या पंच्याचा लाल काठ अडकून बाहेर आला होता. पिशवीच्या पट्ट्याला डॉक्टरच्या कागदांची सुरळी रबरानं बांधलेली होती, कुठं जाताना विसरू नये तशी. वर धुळीचा थर बसला होता. पोळ्यापासूनचा असावा. भोवतीची जमीन सारवलेली होती. पिशवी न हलवता तिच्या कडेकडेनं हात फिरला होता.

"काय दिसून राह्यलं तथून?" बाबांनी विचारलं.

"तुमचे पाय," ती म्हणाली.

बाबांचं हसणं थांबलं. मग त्यांची डावी टाच मागे गेली, पिशवीला टेकली, आणि तिला हळूहळू आत, भिंतीकडे ढकलू लागली. पिशवी होती तिथली न सारवलेली जमीन उघडी पडत गेली.

"आता?" ते म्हणाले.

वर्षाराणीनं हात पुढं घातला आणि पिशवीचा पट्टा धरला. टाच थांबली. तिनं पट्टा आपल्याकडं ओढला. पिशवी वजनदार होती, आणि बाबांनी टाच उचलली नव्हती.